अपुऱ्या साक्षी

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये साक्ष देण्याचा एक साचा ठरून गेला आहे. रविवारची उपासना असो की कुणाच्या घरची प्रार्थनासभा, पाळकसाहेब विचारतात, "कुणाला साक्ष द्यायची आहे?" मग कुणीतरी डोक्यावरचा पदर सारखा करत उभं राहतं. आजार आला, डॉक्टरांनी हात टेकले, आम्ही गुडघे टेकले, प्रभूने ऐकलं, रिपोर्ट नॉर्मल आला. मंडळी "आमेन" म्हणते आणि पुढचं गीत सुरू होतं. सगळं मिळून तीन-चार मिनिटांचा कारभार.

या साक्षी खोट्या असतात असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्या बाईचा रिपोर्ट खरोखर नॉर्मल आलेला असतो, आणि ज्या रात्री तो आलेला नव्हता त्या रात्री ती खरोखर जमिनीवर डोकं ठेवून रडलेली असते. पण ज्यांचा रिपोर्ट नॉर्मल येत नाही ते उभे राहत नाहीत. नवरा गेला, मुलगा दारूत बुडाला, कर्ज फिटलं नाही, दुखणं बरं झालं नाही, अशी माणसंही त्याच बाकावर बसलेली असतात, तीच गीतं म्हणतात, थैली फिरली की तिच्यात दहाची नोट टाकतात. आपल्याकडे सांगण्याजोगी साक्ष नाही असं त्यांना वाटत असतं, आणि खरं सांगायचं तर मंडळीलाही तसंच वाटत असतं. हे पुस्तक त्या माणसांचं आहे. लेखन मागवताना अट एकच घातली होती: शेवट ओढूनताणून गोड करायचा नाही, आणि मुद्दाम कडूही करायचा नाही.

अट ऐकून काहींनी लगेच नकार दिला. "असं लिहिलं तर लोक म्हणतील, यांचा विश्वास कमी," हे उत्तर इतक्या जणांकडून आलं की प्रस्तावनेची सुरुवात याच भीतीपासून करायला हवी असं ठरलं. दुःख संपलेलं नाही असं सांगणं म्हणजे विश्वास कमी असणं, हे आपण कुठून शिकलो? पवित्र शास्त्रातून तर नक्कीच नाही.

स्तोत्रसंहिता उघडून पाहा. दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश गाऱ्हाणी आहेत. आपल्या घराघरात तेविसावं पाठ असतं, एक्याण्णवावं आजाऱ्याच्या उशाशी वाचलं जातं, प्रवासाला निघताना एकशे एकविसावं म्हणतात. अठ्ठ्याऐंशीवं कुणी वाचत नाही. ते सुरू होतं हाकेने आणि संपतं काळोखात. मध्ये कुठेही 'तरीपण' येत नाही, शेवटच्या ओळीत उजाडत नाही. ज्यांनी ही स्तोत्रं एकत्र केली त्यांना ते गाळता आलं असतं, किंवा खाली स्तुतीची एखादी ओळ जोडता आली असती. त्यांनी दोन्ही केलं नाही. यरुशलेम उद्ध्वस्त झाल्यावरचं विलापगीतही तसंच. पाचांपैकी पहिली चार गीतं हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने रचलेली आहेत. ज्याचं शहर जळलं तो कवी एकेक अक्षर धरून रडतो आहे. रडायलाही शिस्त लागते, हे त्याला कळलं होतं.

ईयोबाची गोष्ट तर आपण सरळ उलटी करून टाकली आहे. प्रवचनात पहिला अध्याय सांगतात, दुसरा सांगतात आणि तिथून थेट बेचाळिसाव्यात उडी मारतात: ईयोबाने धीर धरला, देवाने दुप्पट दिलं. मधले चाळीस-एक अध्याय जणू छापलेच नाहीत. त्या अध्यायांत ईयोब धीर धरत नाही, भांडतो. जन्मल्या दिवसाला शाप देतो, देवावर फिर्याद मांडतो, समोर येऊन उत्तर दे म्हणतो. एलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र सांत्वनाला येतात ते सात दिवस आणि सात रात्री काही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. त्यांच्या हातून घडलेलं शहाणपणाचं काम तेवढंच. आठव्या दिवशी त्यांना देवाची बाजू घेण्याची हुक्की येते: तुझं काहीतरी चुकलं असेल, पश्चात्ताप कर, सगळं ठीक होईल. आणि शेवटी देव रागावतो तो या तिघांवर. माझ्याविषयी बरोबर बोलला तो ईयोब, तुम्ही नव्हे, असा निकाल देतो. तक्रार करणारा खरा ठरतो आणि देवाची वकिली करणारे खोटे. सांत्वनाच्या उपासनेत "ही प्रभूची इच्छा होती" असं म्हणण्याआधी हा निकाल एकदा वाचायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट. दुप्पट मिळालं म्हणतात ते काय? सात हजार मेंढरांची चौदा हजार झाली, तीन हजार उंटांचे सहा हजार. मुलं मात्र सात मुलगे आणि तीन मुलीच, पहिल्याइतकीच. काही वाचक याचा अर्थ असा लावतात की गेलेली दहाही त्याचीच राहिली, म्हणून दुप्पट करण्याची गरज नव्हती. मला वाटतं लिहिणाऱ्याला एवढंच ठाऊक असावं की मेंढरांची भरपाई होते, लेकरांची होत नाही. आपल्यावर हे का आलं, हे तर ईयोबाला अखेरपर्यंत कुणी सांगतच नाही. आभाळात झालेला सौदा वाचकाला माहीत असतो, त्याला नसतो.

खुद्द येशूची गेथशेमाने बागेतली प्रार्थना घ्या. हा प्याला टळावा असं त्याने मागितलं आणि तो टळला नाही. वधस्तंभावर त्याच्या तोंडी आला तो जुन्या गाऱ्हाण्याचाच, बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ. लाजराला उठवायचंच आहे हे माहीत असूनही तो त्याच्या कबरेपाशी रडला. पौलाने शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनवणी केली, आणि काटा राहिला. ख्रिस्ती आशा उभी आहे ती या माणसांच्या बळावर, आणि यांच्यापैकी एकालाही आपल्या साच्यात बसणारी साक्ष देता आली नसती.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. मराठीत या विषयावर लिहायचं तर पंडिता रमाबाईंना वळसा घालून पुढे जाता येत नाही. त्यांच्याबद्दल आपण पुष्कळ ऐकलेलं असतं, पण बहुतेकदा समाजसुधारणेच्या किंवा धर्मांतराच्या वादाच्या अंगाने. त्यांच्या आयुष्यात माणसं कशी आणि किती लवकर गेली, हे एका ओळीत उरकलं जातं. ते जरा थांबून पाहण्यासारखं आहे.

23 एप्रिल 1858 रोजी त्यांचा जन्म झाला, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून भाऊबंदांचा रोष ओढवून घेतला होता. पुढे हे कुटुंब तीर्थक्षेत्रांमधून पुराण सांगत हिंडू लागलं. 1870 च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा पुराण ऐकून शिधा देणारे हात आटले. पैसा संपला, दागिने गेले, भांडीकुंडी गेली. शास्त्री घराण्याने मजुरी करायची नसते, भीक मागायची नसते, म्हणून ही माणसं मरायला रानात गेली आणि पाला खाऊन राहिली. दृष्टी गेलेल्या वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. तेव्हा भाऊ श्रीनिवास म्हणाला की मी जातीचा अभिमान सोडतो आणि मोलमजुरी करतो. पण वडील वाचले नाहीत. पाठोपाठ आई गेली. तिला न्यायला खांदेकरी मिळेनात. मोठ्या मुश्किलीने दोघे तयार झाले, तिसरा भाऊ, चौथ्या रमाबाई. त्यांची उंची कमी, खांद्यावर तिरडी नीट बसेना, म्हणून आईची तिरडी त्यांनी डोक्यावर घेतली आणि मैलोगणती दूर असलेल्या मसणवटीपर्यंत नेली. थोरली बहीणही गेली. उरलेली दोघं भावंडं हिंदुस्थानभर पायी फिरत राहिली. झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरायला काही नव्हतं, तेव्हा त्यांनी वाळूत कबरीसारखे दोन खड्डे खणले, आत निजली आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली.

हे सगळं रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवलं आहे, आणि लिहिताना कुठे आवाज चढवलेला नाही. पुढे 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, 1881 मध्ये मनोरमा जन्मली, आणि 1882 च्या फेब्रुवारीत नवराही पटकीने गेला. तेव्हा रमाबाईंचं वय तेवीस.

ठरलेल्या साक्षीत यानंतर बाप्तिस्मा येतो आणि दुःख संपतं. प्रत्यक्षात काय झालं? 1883 मध्ये त्या इंग्लंडला वाँटेजच्या भगिनींच्या मठात गेल्या. सोबत आलेल्या मैत्रिणीने, आनंदीबाई भगत यांनी, तिथेच विष घेऊन जीव दिला. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला रमाबाईंनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला. म्हणजे आनंदाच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या त्या दिवसाला ताज्या मरणाची सावली होती. नंतरची वर्षं वादात गेली. मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना लिहिलेल्या पत्रांत ही बाई त्रैक्याच्या सिद्धान्तावर शंका काढते, बिशपांच्या अधिकाराला प्रश्न विचारते, शाकाहार सोडत नाही, माझी सदसद्विवेकबुद्धी मी कुणाच्या हाती दिलेली नाही अशा अर्थाचं ठणकावून सांगते. जेराल्डिनबाई वैतागल्या यात नवल नाही. आणि पुढे रमाबाईंनी जे लिहिलं ते आपल्या मंडळ्यांत फार कमी वेळा सांगितलं जातं: बाप्तिस्म्यानंतर आठ-एक वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण ख्रिस्त मिळालेला नाही. बाप्तिस्मा घेतलेली, जगभर नाव झालेली, संस्था चालवणारी बाई हे कबूल करते. आजच्या एखाद्या पाळकाने व्यासपीठावरून असं सांगितलं तर पुढच्या कमिटीत त्याची चौकशी होईल.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. बालविधवांसाठी काढलेल्या या शाळेतल्या गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. 1893 मध्ये मुलींच्या धर्मांतराच्या संशयावरून वादळ उठलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात कोण किती बरोबर यावर खूप लिहून झालं आहे, मी त्यात भर घालत नाही. माझं लक्ष वेधतात ती त्यानंतरची तीन-चार वर्षं.

1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या आल्या तेव्हा रमाबाईंची संस्था स्वतःच अडचणीत होती. तरी त्या गेल्या, कारण वीस वर्षांपूर्वी त्यांनी हेच सोसलं होतं आणि त्यांना स्वस्थ बसवेना. दुष्काळी छावण्यांमध्ये अनाथ मुलींचं काय होतं, कोण त्यांना घेऊन जातं, हे त्यांनी पाहिलं आणि शेकडो मुली सोबत आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, इतक्या मुली शहरात ठेवता येईनात. दौंडच्या लोहमार्गावर केडगावला फळबागेसाठी म्हणून जमीन घेतलेली होती. तिथे आधी झोपड्या, मग विहिरी, मग इमारती असं करत मुक्ती सदन उभं राहिलं. 1900 च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या तेव्हा तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, शिवण, शेती, दुभती जनावरं, आंधळ्या मुलींसाठी वेगळं सदन, आणि मुली स्वतः टाइप जुळवतात असा छापखाना.

माझ्या मते ख्रिस्ती आशेचा अर्थ समजून घ्यायला हा एक प्रसंग पुरतो. रमाबाईंना आईवडिलांच्या मरणाचं उत्तर मिळालं असं कुठेही दिसत नाही. 'देवाने हे अमुक कारणासाठी केलं' अशी जुळवाजुळव त्या करत नाहीत. रानात पाला खाल्लेल्या मुलीला पाला खाणाऱ्या मुली ओळखता आल्या, इतकंच. दुःखातून त्यांना मिळाली ती ओळखण्याची नजर, आणि विश्वासातून मिळाला तो उठून जाण्याचा जोर. या दोन गोष्टींची गल्लत आपण नेहमी करतो. दुःख माणसाला आपोआप मोठं करत नाही. बहुतेकांना ते चिडकं, संशयी आणि थकलेलं करून सोडतं. पौलाने रोमच्या मंडळीला लिहिताना संकटापासून धीर, धीरापासून शील आणि शीलापासून आशा अशी साखळी मांडली आहे खरी, पण तो ती लिहितो कृपेबद्दल बोलताना. संकटाच्या अंगी काही गुण असतो असं तो म्हणत नाही.

केडगावबद्दल एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही: उपाशी मुलीला अन्न दिलं आणि पुढे तिने ख्रिस्ती व्हायचं ठरवलं, तर तो निर्णय कितपत मोकळा? प्रश्न खरा आहे. नगर, जालना, औरंगाबाद भागातल्या आमच्या कित्येक घरांच्या मुळाशी तोच आहे. 'दुष्काळात बाटलेले' हा टोमणा आमच्या आजोबा-पणजोबांनी पाणवठ्यावर आणि शाळेत ऐकलेला आहे. 1876 ते 78 चा आणि शतकाच्या शेवटचा, अशा मोठ्या दुष्काळांच्या काळात मिशनच्या अनाथालयांत आलेल्या पोरांची नातवंडं-पतवंडं आज मास्तर, परिचारिका, ड्रायव्हर, साखर कारखान्याचे कामगार आहेत. पोट भरणारा हात कुणाचा होता हे त्या पोरांनी लक्षात ठेवलं, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आणि ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं त्यांनी, ज्या देवळात आत बसायला मिळतं ते निवडलं, याला केवळ पोटाचं कारण म्हणणं हे त्यांची अक्कल काढणं आहे. अर्थात आत बसायला मिळालं म्हणून जात गेली असंही झालं नाही. मंडळीत मांडीला मांडी लावून बसणारे लोक सोयरीक जमवताना पूर्वाश्रमीची जात विचारतात, हे आपण सगळे जाणतो. शिवाय 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या यादीबाहेर राहिले ते आजतागायत. या पुस्तकातल्या काही लेखांमधलं दुःख हे असं आहे. ते कुणा एकाच्या नशिबाचं नाही, पिढ्यांचं आहे, आणि नुसत्या प्रार्थनेने ते सुटावं अशी अपेक्षा धरणं हा प्रार्थनेवरही अन्याय आहे.

रमाबाईंची शेवटची वर्षं अजून सांगायची राहिली. ऐकू येणं कमी होत चाललेलं. दीड दशकाहून जास्त काळ त्या एकहाती बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, थेट हिब्रू आणि ग्रीकवरून, कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशा मराठीत. 1921 च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. चाळीस वर्षांची, संस्थेची धुरा जिच्या खांद्यावर जायची ती एकुलती एक मुलगी. रमाबाई तिच्यानंतर नऊ महिनेही जगल्या नाहीत. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचं निधन झालं. तोवर त्यांनी भाषांतराचं काम सोडलं नाही, आणि संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. आईची तिरडी डोक्यावर नेलेल्या बाईने ईयोबाच्या तक्रारींना मराठी शब्द शोधले, विलापगीताला शोधले, ही गोष्ट मला त्यांच्या इतर कुठल्याही कामापेक्षा जास्त जवळची वाटते. त्या भाषांतराच्या भाषेवर टीका झाली आहे आणि ते मंडळ्यांमध्ये रुळलं नाही. तरी ते टेबलावर उघडं ठेवून पाहिलं की शब्दामागे किती सोसलेलं असू शकतं याचा अंदाज येतो.

लक्ष्मीबाई टिळकांचा मार्ग वेगळा. 10 फेब्रुवारी 1895 रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर आभाळ कोसळलं. लहान मूल पदरात, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, नातेवाइकांच्या नजरा. तो काळ त्यांनी पंढरपुरात काढला. जवळजवळ पाच वर्षांनी त्या पतीकडे गेल्या, तेही धर्म सोडून नव्हे. सोवळंओवळं पाळत, वेगळा स्वयंपाक करत. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसांनी केला आहे, हे त्यांचं त्यांना आधी पटलं. ख्रिस्त त्यानंतर आला. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

'स्मृतिचित्रे' वाचताना एक गंमत जाणवते. मुलं दगावतात, पैशाची ओढाताण कायमची, प्लेग येतो, नवरा भोळा सांब, घरात दुसऱ्यांची पोरं आणून ठेवणारा. इतकं असूनही पुस्तकभर हसू येत राहतं. बाजारातून आणलेला प्रत्येक जिन्नस धुऊन घेणाऱ्या वडिलांपासून ते स्वतःच्या फजितीपर्यंत कशालाही त्या सोडत नाहीत. 'आशा' या विषयावर त्यांनी एक परिच्छेदही लिहिलेला नाही, आणि मराठीत आशेवरचं त्याहून चांगलं पुस्तक मला माहीत नाही. 1919 मध्ये टिळक गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे लिहून पूर्ण केलं. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरओळख झालेल्या बाईने नवऱ्याचं महाकाव्य पुरं करावं, यावर प्रवचनकाराने वीस मिनिटं घेतली असती. लक्ष्मीबाई अशा गोष्टी जाता जाता सांगतात.

रमाबाई रडतही नाहीत आणि हसतही नाहीत, लक्ष्मीबाई दोन्ही करतात. पण दोघींनीही एक गोष्ट केलेली नाही. दुःखाला देवाची योजना म्हणून सजवलेलं नाही. ही परंपरा आपल्या हातून सुटत चालली आहे असं मला वाटतं. गेल्या काही दशकांत गावोगावी चंगाईच्या सभा वाढल्या. मोठा मंडप, कर्णे, रात्री उशिरापर्यंत प्रार्थना. तिथे येणाऱ्या माणसांची थट्टा करणं सोपं आहे. ज्याला खासगी दवाखान्याचं बिल परवडत नाही आणि सरकारी दवाखान्यात खाट मिळत नाही, तो मंडपात येणारच, आणि तिथे कुणीतरी त्याच्या डोक्यावर हात ठेवतं हेही काही कमी नाही. माझी तक्रार मंडप उठल्यानंतरची आहे. जो बरा होत नाही त्याला सांगितलं जातं की तुझा विश्वास कमी पडला, किंवा घरात काही पाप दडलेलं आहे ते शोध. म्हणजे आजार होताच, वर आरोप आला. एलीफज, बिल्दद आणि सोफर यांनीही हेच केलं होतं. फरक इतकाच की त्यांच्या हातात माईक नव्हता.

कॅन्सरच्या तिसऱ्या टप्प्यावर असलेल्या एका बहिणीचा लेख या पुस्तकात आहे. अशाच एका सभेनंतर तिने घरातल्या कपाटामागची, माळ्यावरची, जुन्या ट्रंकेतली एकेक वस्तू बाहेर काढून पाहिली, सासूच्या काळातला एखादा टाक किंवा ताईत राहून गेला आहे का म्हणून. दोन दिवस. केमोनंतर उभं राहवत नव्हतं तेव्हा. सापडली ती नवऱ्याने लग्नाआधी लिहिलेली पत्रं. पुढचं ती फार थोडक्यात लिहिते, आणि मी ते इथे सांगून टाकणार नाही.

दुसरा लेख एका निवृत्त परिचारिकेचा. आयुष्य मिशनच्या दवाखान्यात गेलं. रात्रपाळीत मरणाऱ्या माणसापाशी बसायचं काम तिच्याकडे आपोआप यायचं. आधी ती प्रार्थना म्हणायची, मग स्तोत्र वाचायची, नंतर नंतर फक्त ओठ ओले करायची, ओल्या कापसाने, दर काही मिनिटांनी. विश्वास कमी झाला का, असं तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नाही, घाई कमी झाली." तिच्या लेखात येशूचं नाव फारसं येत नाही. ते असावं की नसावं यावर आमच्यात चर्चा झाली, आणि लेख जसा आला तसाच ठेवला.

संपादनाबद्दल थोडं. शुद्धलेखन सुधारलं, बोली ठेवली. नगरकडची "लई", वसईकडची सामवेदी वळणं, जालन्याकडचं "करायलो" आहे तसंच आहे, कारण माणूस दुःखात प्रमाणभाषा बोलत नाही. बायबलची वचनं लिहिणाऱ्यांच्या तोंडी जशी बसली आहेत तशीच राहू दिली. त्यात चुका आढळतील, पण पाठांतराच्या चुकांनाही कधीकधी अर्थ असतो. लिहिणाऱ्यांची आणि गावांची नावं दिलेली नाहीत, तशी बहुतेकांची विनंती होती. छोट्या मंडळीत "कुणाचं ते" हे ओळखायला लोकांना वेळ लागत नाही, तरी निदान छापील नाव नको.

हे लेख एका बैठकीत वाचून काढण्यासारखे नाहीत. पाळकांनी यातून प्रवचनाचे दाखले काढू नयेत अशीही माझी विनंती आहे, पण ती फारशी पाळली जाणार नाही याची मला कल्पना आहे. काढलेच, तर निदान लेखाचा शेवट बदलू नये.

एका लेखावर मात्र आमच्यात कडाक्याचा वाद झाला. लिहिणारे गृहस्थ पूर्वी मंडळीचे वडील होते, शब्बाथशाळा चालवत. तरुण मुलगा अपघातात गेल्यापासून ते उपासनेला जात नाहीत. परत जायचं आहे असंही लिहीत नाहीत. रोज पहाटे उठून मात्र मुलाचं बायबल उघडतात, त्याने पेन्सिलने जिथे खुणा केल्या आहेत तेवढ्याच ओळी वाचतात आणि बंद करतात. देवाशी बोलणं बंद आहे, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे. ख्रिस्ती आशेच्या पुस्तकात हे कशाला, असा प्रश्न आला. मला तो लेख हवाच होता. जो माणूस अबोला धरतो त्याच्या लेखी समोर कुणीतरी असतंच, हे माझं म्हणणं सगळ्यांना पटलं असं नाही. शेवटी लेख ठेवायचं ठरलं, तेव्हा कुठे ठेवायचा यावर अडलं. अखेरीला ठेवला असता तर तो पुस्तकाचा निष्कर्ष वाटला असता, आणि सुरुवातीला ठेवला असता तर पुढचे सगळे लेख त्याला दिलेलं उत्तर वाटले असते. म्हणून तो मध्ये आहे. त्याच्या आधीचा लेख सभेतल्या प्रार्थनेनंतर खरोखर बऱ्या झालेल्या एका बाईंचा आहे. दोघंही एकाच मंडळीतली आहेत आणि एकमेकांना चांगली ओळखतात.